थू बोनच्या काठावर: व्हिएतनामच्या कारागीर गावांत हात लावून शिकायचं असेल तर

मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या शहराजवळच्या 'थान्ह हा' गावात कुंभाराचं चाक एकट्याने चालत नाही. एक बाई बुटक्या स्टुलावर बसून मातीला आकार देते. दुसरी तिच्या शेजारी एका पायावर उभी असते आणि दुसऱ्या पायाने चाक ढकलत राहते. आपल्याकडचा कुंभार जड चाकाच्या भोकात काठी घालून ते गरगर फिरवून सोडतो आणि त्या वेगावर मडकं उतरवतो. इथे वेग सतत दुसऱ्याच्या पायातून येतो. बसलेली बाई काही बोलत नाही, तरी उभ्या बाईला कळतं, आता हळू, आता जोरात.

हे आधीच सांगते आहे, कारण या गावांत जाऊन काय करायचं, याचं माझं उत्तर त्यात आहे. कार्यशाळेला गेलं की पाहुण्याला थेट बसायच्या जागी बसवतात. दहा मिनिटांत एक वाकडी वाटी होते, फोटो होतो, पुढचा पाहुणा येतो. तुम्ही आधी उभ्या बाईची जागा मागा. चटईच्या मागावरही दोघी असतात, तिथेही मदतनिसाची जागा मागा. ही कामं मुळात दोघांची आहेत, आणि ती समजून घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे दुसरा माणूस होणं.

हा लेख मुख्यतः होई आनच्या आसपासच्या गावांविषयी आहे, कारण तिथे एकाच नदीकाठी, सायकलच्या टप्प्यात, दोन-तीन हस्तकला सापडतात. शेवटी हनोईजवळच्या दोन गावांबद्दलही लिहिलं आहे.

आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

मराठी घरांत परदेशप्रवास दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीला बांधलेला असतो. मध्य व्हिएतनामसाठी दिवाळीची सुट्टी सगळ्यात अडचणीची. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या थू बोन नदीला पूर येणं तिथे नेहमीचं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या मोठ्या पुरात होई आनचं जुनं शहर पाण्याखाली होतं. जुन्या घरांच्या भिंतींवर वर्षावर्षाच्या पुराच्या खुणा करून ठेवलेल्या दिसतात, आणि माळ्याच्या तक्तपोशीत सामान वर ओढून घ्यायला झडप असते. पावसाच्या दिवसांत कुंभारांचंही काम मंदावतं, कारण कच्ची भांडी वाळत नाहीत.

फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. मे चालेल, पण ऊन कडक असतं. मग सकाळी सात ते साडेदहा आणि दुपारी चारनंतर असे दोन तुकडे करा. चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. त्या आठवड्यात कारागीर आपापल्या घरी सण करत असतात. आपल्या दिवाळीत कुंभारवाड्यात शिकायला जाण्यासारखं ते होईल, तेव्हा त्या तारखा आधी पाहून ठेवा.

व्हिसा, पैसे, पत्ता

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. तो ९० दिवसांपर्यंतचा असतो आणि एकदाच प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. तसंच दिसणारी, जास्त पैसे घेणारी स्थळं बरीच आहेत. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट भरा. मधलं नाव गाळल्यामुळे विमानतळावर खोळंबलेली मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत.

होई आनसाठी विमानतळ दा नांगचा, साधारण ३० किलोमीटरवर. हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीत उतरून देशांतर्गत विमानानेही येता येतं. १ जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला, त्यामुळे होई आनचे पत्ते आता दा नांगच्या नावाने दिसतात. जुनी माहितीपत्रकं वेगळं सांगतील. गोंधळू नका, जागा तीच आहे.

डोंग या तिथल्या चलनाचा हिशोब तोंडी करायची एक युक्ती: शेवटची तीन शून्यं खोडा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. २० हजार आणि ५ लाखांच्या नोटा दोन्ही निळसर असतात. पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. गावांत सुट्टे, छोट्या नोटा लागतात.

मोटारसायकल भाड्याने घ्यायचा मोह होईल. पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या कराराखालचा आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराखालचा मानतो. अपघात झाला तर विम्याची पंचाईत होते. सायकल घ्या. रस्ते सपाट आहेत आणि होई आनमधली बरीच राहायची ठिकाणं सायकल देतात. ती नसेल तर ग्रॅब ॲपवरून गाडी मागवता येते.

थान्ह हा: सकाळ इथेच घालवा

जुन्या शहरापासून पश्चिमेला तीनेक किलोमीटर. सायकलने वीस मिनिटं. सकाळी आठच्या आत पोहोचा. दहानंतर पर्यटकांच्या बस येतात आणि चाकापाशी रांग लागते. प्रवेशाला तिकीट आहे आणि त्यावर परतताना मातीची एक छोटी शिट्टी भेट मिळते. ही शिट्टी, तिथलं नाव 'तो हे', बहुतेक एखाद्या प्राण्याच्या आकाराची असते. गावातच मातकामाचं एक मोठं उद्यान आहे, जगातल्या प्रसिद्ध इमारतींच्या मातीच्या प्रतिकृती वगैरे. त्याला अर्धा तास पुरे. खरा वेळ गल्ल्यांतल्या घरांना द्या.

या गावात मातकाम सुमारे पाचशे वर्षांपासून चालत आलं आहे. माती थू बोनच्या काठची, तपकिरी आणि चिकट. होई आनच्या छपरांवर जी कौलं दिसतात, एक उताणं आणि एक पालथं, त्यांच्यामागेही याच गावाची भट्टी आहे. १९९९ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं शहर अंगावर याच नदीची माती पांघरून उभं आहे. म्हणून आधी शहराची छपरं नीट पाहा, मग गावात या. हातातल्या गोळ्याचं वजन वेगळं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. क्रमाने सांगते.

नखं आदल्या रात्री कापा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून पिशवीत ठेवा. ओढणी किंवा सैल बाही असलेले कपडे टाळा.

आधी माती मळायला मागा. गोळा तारेने कापतात, खडा किंवा मुळी दिसली की काढतात, पुन्हा जोडून आपटतात. कणकेसारखं वाटलं तरी ते वेगळं आहे. कणीक मऊ व्हावी म्हणून मळतो, माती आतली हवा जावी म्हणून. हवेचा बुडबुडा राहिला तर चाकावर भिंत सारखी उठत नाही. पाच मिनिटं मळली की मनगट बोलायला लागतं. तेवढं पुरे.

मग चाकाशेजारी उभे राहा. आधाराला भिंत किंवा खांब धरा, एक पाय जमिनीवर घट्ट, दुसऱ्या पायाच्या चवड्याने चाकाची कड आपल्याकडून पुढे ढकला. टाच लावू नका, चाक अडतं. पहिल्यांदा मी जोर लावला आणि बसलेल्या आजींच्या हातातली सुगडाएवढी वाटी एका बाजूला कलंडली. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही. माझ्या गुडघ्यावर चिखलाचा तळवा ठेवला आणि बोटांनी ताल दिला: एक, थांब, एक, थांब. तो ताल पायात शिरायला पाच-सात मिनिटं लागली. शिरल्यावर मान वर केली तर भांड्याची कड हलत नव्हती, पाणी स्थिर असावं तशी. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त शिकले ते याच क्षणी, आणि तेव्हा माझा हात मातीला लागलेलाही नव्हता.

त्यानंतर बसा. कोपरे मांड्यांवर टेकवा. हात हवेत असतील तर थरथर मातीत उतरते. बोटं ओली हवीत, पण पाणी ओतायचं नाही, नाहीतर बूड चिखल होतं. दोन्ही तळव्यांनी गोळा मधोमध आणा. तो डुगडुगायचा थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. मग दोन्ही अंगठे मध्यावर टेकवून खाली दाबा, बुडाला बोटभर जाडी सोडा. आता एक बोट आत, एक बाहेर, आणि खालून वर सावकाश या. सगळ्यांची चूक एकच होते: हात झटकन काढतात. हात काढतानाही हळूच, चाकाबरोबर एक फेरा होऊ देत. शेवटी दोऱ्याने बूड कापून वाटी उचलतात. ते त्यांनाच करू द्या.

तुमची वाटी त्या दिवशी भाजून मिळणार नाही. ती आधी सावलीत, मग उन्हात वाळते, आणि लाकडाच्या भट्टीत जाते तेव्हा ढिगाने, बाकीच्या भांड्यांबरोबर जाते. कच्ची वाटी घेऊन प्रवास करायचा हट्ट धरू नका. घामट हातांनीसुद्धा ती विरघळते. ती तिथेच ठेवा, माती पुन्हा वापरतात. त्याऐवजी भाजलेली एखादी वस्तू विकत घ्या. थान्ह हाच्या भांड्यांवर चकाकी नसते, तांबूस ते काळपट रंग आगीतून येतो. बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं, बद वाजलं तर कुठेतरी तडा आहे. ही परीक्षा आपल्या आज्या माठ घेताना करतात तीच.

मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा जा. तुमची वाटी किंचित आक्रसलेली आणि फिकट झालेली दिसेल, आणि भिंत कुठे पातळ राहिली ते तिच्या रंगावरूनच कळेल.

नदी ओलांडून कॅम किम

दुपारचं ऊन उतरल्यावर कॅम किम बेटावर जा. थू बोनवरच्या छोट्या पुलावरून सायकल जाते. जुन्या शहराच्या घाटावरून बोटही मिळते. बोटीचं भाडं बसण्याआधी, जाऊन-येऊन धरून ठरवा.

इथलं किम बोंग हे सुतारांचं गाव. पंधराव्या-सोळाव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या घराण्यांनी वसवलं असं मानतात. घरांचं काम, सामानसुमानाचं कोरीवकाम आणि होडीबांधणी, अशा तीन अंगांनी ही सुतारकी वाढली. होई आनच्या जुन्या घरांच्या तुळया आणि दारं यांच्याच हातची, आणि ह्युए या जुन्या राजधानीतल्या राजवाड्याच्या कामालाही इथले सुतार गेले होते. फणसाचं लाकूड इथे मानाचं, देव्हारे आणि मूर्तींसाठी वापरतात. कोकणातल्या वाचकाला हे सांगावं लागणार नाही. ताज्या रंध्याखाली निघणारी पिवळी ढलपी आणि तिचा वास ओळखीचा वाटेल.

पाहुण्यांना सहसा छोट्या फळीवर नक्षी कोरायला देतात. पटाशी छातीच्या दिशेने कधीही चालवू नका. फळी शिकंजात पक्की आहे ना ते स्वतः हलवून पाहा, डावा हात पात्याच्या मागेच ठेवा. लाकडी हातोडीचे हलके, जवळजवळ ठोके मारा. एका मोठ्या ठोक्यात कंगोरा उडतो. लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघून कोरा, नाहीतर लाकूड फाटत जातं. लहान मुलं असतील तर त्यांना घासकागदाचं काम द्या. तेही कारखान्यातलं खरं काम आहे.

बाहेर पडताना मागितलं तर दाराच्या चौकटीवर लावायचे लाकडी डोळे दाखवतात. होई आनमध्ये दारावर असे दोन गोल डोळे बसवतात, घरावर लक्ष ठेवायला. तिथल्या होड्यांच्या पुढच्या टोकावरही डोळे रंगवलेले असतात. मी अशी एक जोडी आणली. हलकी आहे, फुटत नाही, आणि पाहुणे दारातच विचारतात.

याच बेटावर काही घरांत चटया विणतात. लव्हाळ्याच्या जातीचं गवत, वाळवून, काही रंगवून. जमिनीलगत आडवा माग, ताणलेले दोरे. एक बाई लांब काठीच्या टोकाला गवताची काडी अडकवून ती दोऱ्यांमधून सरकवते, दुसरी जड फणी ठोकून ती बसवते आणि कड वळवते. काठीची जागा मागा. फणी वर उचलली आणि दोऱ्यांत वाट झाली, की त्या क्षणी काठी आत गेली पाहिजे. उशीर झाला तर फणी काठीवर येते. दहा-बारा काड्यांनंतर बोलणं आपोआप थांबतं. इथे तिकीट वगैरे नसतं, म्हणून निघताना छोटी चटई किंवा एखादी टोपली घ्या, नाहीतर आदराने थोडे पैसे द्या. आणि कारागिराच्या स्वतःच्या घरी घासाघीस करू नका; बाजारात हवी तेवढी करा.

गोल होडी आणि कंदील

होई आनजवळ कॅम थान्हला बांबूच्या गोल टोपलीसारख्या होडीत फिरवतात. तिथे मोठ्या आवाजात गाणी लावून होड्या गरगर फिरवण्याचा प्रकार चालतो. तुम्हाला तो नको असेल तर आधीच सांगा, आणि सकाळी लवकर जा. मात्र होडी बांधताना बघायला मिळाली तर सोडू नका. बांबूच्या पट्ट्या विणून झाल्यावर फटी शेणाने सारवतात आणि वर झाडाचं राळेसारखं तेल चढवतात. शेणाने सारवलेली जमीन आपल्याला ठाऊक आहे. शेणाने सारवलेली होडी पाण्यावर तरंगताना पाहणं हा आनंद निराळाच. वल्हं एकच असतं, ते पुढच्या बाजूला पाण्यात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवायचं. मागे ढकलायला गेलात तर होडी जागच्या जागी फिरते.

कंदील बनवणं हे शहरातलं काम, गावातलं नव्हे, पण मुलांसाठी सगळ्यात सोपं. बांबूच्या सांगाड्यावर रेशीम ताणून चिकटवायचं, एक-दोन तासांत होतं. आणि तो छत्रीसारखा मिटतो, म्हणून पिशवीत सहज बसतो. आपल्याकडच्या आकाशकंदिलाचे हात असलेल्यांना ते लगेच जमतं.

जेवण आणि बोलणं

शाकाहारी असाल तर "तोय आन चाय" हे वाक्य पाठ करा. 'चाय' लिहिलेली शाकाहारी भोजनालयं सर्वत्र आहेत. पण साध्या हॉटेलात भाजीतही माशांचं आंबवलेलं पाणी, नुओक माम, पडतं; ते वेगळं सांगावं लागतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार करतात, त्या दिवशी पर्याय वाढतात. पौर्णिमेच्या आदल्या रात्री होई आनमध्ये विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. मराठी दिनदर्शिका जवळ असेल तर प्रवास त्यावरून ठरवता येतो.

बोलताना आपल्यासारखीच नाती लावतात. वयस्कर बाईंना 'बा', म्हणजे आजी. आपल्याहून थोड्या मोठ्या बाईला 'ची', म्हणजे ताई. नुसतं "काम अन" म्हणण्यापेक्षा "काम अन बा" म्हणा. चेहरा बदलतो.

हनोईत उतरत असाल तर

बाट चांग हे कुंभारांचं गाव लाल नदीच्या काठी, हनोईपासून तेराएक किलोमीटर. हनोईतल्या लाँग बिएन बसथांब्यावरून ४७ए क्रमांकाची बस थेट जाते. गाव मोठं आहे, बाजार झगमगीत, आणि भांडी चकाकी असलेली, निळ्या नक्षीची किंवा मुद्दाम तडे पाडलेल्या लेपाची. इथे चाकावर बसायला किंवा भांडं रंगवायला मिळतं. पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: रंग भाजणार का? बरेच ठिकाणी तयार भांड्यावर वरवरचा रंग देऊन लगेच हातात ठेवतात. तो शोभेला ठीक, त्यात चहा पिऊ नका. भाजून हवं असेल तर बरेच दिवस थांबावं लागतं, म्हणून बाट चांग प्रवासाच्या सुरुवातीला ठेवा आणि परतताना भांडं उचला.

डोंग हो हे ठशाच्या चित्रांचं गाव, दुओंग नदीकाठी, हनोईपासून पस्तीसेक किलोमीटर. गाडी करूनच जा. इथे आता मोजकीच घरं हे काम करतात. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवी दिल्लीत झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत ही कला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत गेली. आपली दीपावलीही त्याच बैठकीत वारशात आली, पण दुसऱ्या, प्रातिनिधिक यादीत. कागद झाडाच्या सालीचा, त्यावर शिंपल्यांची पूड खळीत कालवून फासतात, म्हणून तो तिरका धरला की चमचमतो. लाल रंग खड्यांचा, पिवळा फुलांच्या कळ्यांचा, काळा बांबूच्या पानांच्या कोळशाचा. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी. ठसा कागदावर दाबतात, कागदासकट उलटा करतात आणि पाठीवरून वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फिरवतात. हे घासणं तुम्हाला करू देतील. जोर लावू नका, फक्त कडांपर्यंत सारखं फिरवा. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा चढत नाही, म्हणून निदान दोन तास हातात ठेवा.

चित्रं घेतलीत तर गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा; नळी गावात मिळतेच असं नाही, हनोईतून घेऊन जा. मातीची शिट्टी मोज्यात घालून हातातल्या पिशवीत. चटई घडी केली तर मोडते, तिला गुंडाळून बॅगेच्या बाहेर बांधा, आणि चेक-इनच्या खिडकीवर ती सोडवून हातात घ्या.